प्रकरण ७ : बटण दाबलं, पण हूड हललं नाही

"बटण दाबतोय, पण काहीच होत नाही. बटणच गेलं असणार ना?"

उघड्या छताची जुनी स्पोर्ट्स कार बाळगणारा माणूस कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच. मला तो पहिल्यांदा विचारला आमच्या आंबिवलीतल्या एका शेजाऱ्यांनी. कल्याणहून लोकल कसाऱ्याकडे निघाली की शहाडनंतर आंबिवली येतं आणि त्यानंतर टिटवाळा. एका बाजूला उल्हास नदी, दुसऱ्या बाजूला काळू. पावसाळ्यात इथली हवा इतकी ओली असते की भिंतीवरचं कॅलेंडरही वाकतं. शेजाऱ्यांनी हौसेनं एक जुनी, दोन आसनांची परदेशी गाडी घेतली होती. जूनच्या पहिल्या सरीत हूड मागे दुमडलेलं राहिलं आणि बटण दाबूनही ते पुढे येईना. दोन माणसांनी वर ताडपत्री धरली आणि बाकीच्यांनी निदान केलं, "बटण गेलं."

नवं बटण परदेशातून मागवावं लागलं. ते यायला पाच आठवडे लागले. बसवलं, दाबलं, आणि हूड जागचं हललं नाही.

दोष बटणात नव्हताच. तो हँडब्रेकच्या बुडाशी बसवलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या एका स्विचमध्ये होता. पाच आठवडे आणि बरेच पैसे गेले, कारण जिथं बोट टेकतं तिथंच सगळ्यांनी दोष धरला. हे प्रकरण त्या चुकीबद्दल आहे. बटणावर आरोप ठेवण्याआधी त्याची साक्ष कशी घ्यायची, आणि ते खरोखर दोषी असेल तर ते सिद्ध कसं करायचं, हे आपण पायरीपायरीनं पाहू.

१. हूड म्हणजे नेमकं काय?

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. अमेरिकेत इंजिनावरच्या झाकणाला हूड म्हणतात. आपण त्याला बॉनेट म्हणतो. आपल्याकडे हूड म्हणजे कापडी छत. कल्याण-डोंबिवलीत रिक्षाचं हूड शिवून देणारे कारागीर असतात आणि जुन्या जीपचं हूडही सगळ्यांना माहीत असतं. या प्रकरणात हूड म्हणजे हेच, गाडीचं दुमडणारं छत.

सगळ्या हूडना बटण नसतं. गोव्यात सॅन मोटर्सनं बनवलेली सॅन स्टॉर्म ही फायबरच्या अंगाची, दोन आसनांची छोटी गाडी. तिचं कापडी हूड हातानंच दुमडायचं. तिथं बिघडण्यासारखं होतं ते कापड, शिवण आणि खटके. पण १९९६ नंतरच्या अनेक स्पोर्ट्स कारमध्ये हे काम विजेकडे गेलं. पोर्शेच्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये पुढच्या काचेच्या चौकटीवरचा खटका हातानं सोडायचा आणि मग बटण दाबून ठेवायचं. साधारण १२ सेकंदांत कापडी हूड मागे जातं. १९९६ मध्येच आलेल्या मर्सिडीज एसएलकेचं छत धातूचं. तेलाच्या दाबावर चालणारे दांडे ते उचलतात, दुमडतात आणि सुमारे २५ सेकंदांत डिकीत ठेवतात.

या गाड्यांना आता वीसहून जास्त वर्षं झाली. इंजिनं अजून दणदणीत चालतात, पण वायर, त्या जोडणारे कपलर आणि स्विच म्हातारे झालेत. म्हणून जुन्या स्पोर्ट्स कारची बरीच दुखणी वेगाची नसून विजेची असतात.

२. बटण काम करत नाही, निरोप देतं

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा पंप आठवा. वॉचमन हिरवं बटण दाबतो आणि खाली पंप घरघरतो. पंपाला लागणारा सगळा करंट त्या बटणातून जातो का? नाही. बटण फक्त स्टार्टरला निरोप देतं. स्टार्टरच्या पेटीत एक विजेचं चुंबक असतं. निरोप मिळाला की ते 'खट्' करून जाड पट्ट्या जोडतं आणि पंपाचा मोठा करंट त्या पट्ट्यांमधून वाहतो.

गाडीत हेच काम काडेपेटीहून लहान अशी एक डबी करते. तिला रिले म्हणतात. आकडे पाहिले की फरक लक्षात येईल. रिलेच्या आतल्या तारेच्या गुंडाळीचा विरोध ८० ओहम धरू. बॅटरी १२ व्होल्टची. १२ भागिले ८० म्हणजे ०.१५ अँपिअर. बटणातून जाणारा करंट एवढाच. हूड उचलणाऱ्या मोटरला मात्र जोर लावताना त्याच्या कित्येक पट करंट लागतो. तो बटणातून नेला तर बटणाच्या नाजूक पट्ट्या थोड्याच दिवसांत जळतील.

रिले साधारण दोन लागतात, कारण हूडला उघडायचं असतं आणि मिटायचंही असतं. मुलांच्या खेळण्यातल्या गाडीत सेल उलटा घातला की गाडी मागे पळते. इथंही तसंच होतं. एक रिले मोटरला सुलट वीज देतो, दुसरा उलट. बटणाच्या एका टोकाला एक निरोप, दुसऱ्या टोकाला दुसरा.

यातून एक उपयोगी खूण मिळते. हूड उघडतं पण मिटत नाही, असं असेल तर मोटर चांगली आहे आणि बॅटरीही चांगली आहे. मग संशय बटणाची एक बाजू, तिची वायर आणि एक रिले एवढ्यावरच उरतो. एकही स्क्रू न उघडता निम्मं काम झालं.

३. लिफ्टचं जाळीचं दार आणि हूडच्या अटी

जुन्या इमारतीतली जाळीच्या दाराची लिफ्ट तुम्ही वापरली असेल. दार नीट ओढलं नाही तर कितीही वेळा मजल्याचं बटण दाबा, लिफ्ट हलत नाही. बटण चांगलं असतं, मोटर चांगली असते. दाराशी बसवलेल्या एका लहान स्विचला 'दार लागलं' हे कळलेलं नसतं, एवढंच.

हूडच्या वाटेतही असे पहारेकरी असतात. धावत्या गाडीचं हूड उघडलं तर वारा ते फाडून नेईल. खटका न सोडता मोटर ओढू लागली तर लोखंडी सांगाडा वाकेल. म्हणून गाडी बनवणारे अटी घालतात. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये चावी फिरवलेली हवी, हँडब्रेक ओढलेला हवा आणि काचेवरचा खटका सुटलेला हवा. एसएलकेमध्ये डिकीतला सामानाचा पडदा ओढून जागेवर बसवलेला नसेल तर छत जागचं हलत नाही, कारण सामान चिरडेल. पडदा जागेवर आहे की नाही हे सांगायलाही स्विच आहे.

हे पहारेकरी म्हणजे मायक्रोस्विच. आत एक पातळ पत्रा असतो, तो 'टिक' करून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला उडी मारतो. कॉम्प्युटरच्या माउसचं बटण दाबताना जो आवाज येतो तोच हा.

काही गाड्यांत हे सगळे स्विच एकापुढे एक, माळेसारखे जोडलेले असतात. काही गाड्यांत ते एका कंट्रोल युनिटला आपापली खबर देतात आणि ते युनिट ठरवतं. मालकाला दिसतं ते सारखंच. एका पहारेकऱ्यानं 'नाही' म्हटलं की सगळं गप्प. शेजाऱ्यांच्या गाडीत हँडब्रेकचा पहारेकरी 'ओढलेला नाही' असं म्हणत होता आणि शिक्षा बटणाला झाली होती.

४. बटण कशानं बिघडतं?

आता बटणाची बाजूही नीट समजून घेऊ, कारण तेही बिघडतं.

बटणाच्या आत दोन धातूचे ठिपके समोरासमोर असतात. बोटाच्या दाबानं ते टेकतात, स्प्रिंगनं सुटतात. या ठिपक्यांवर बऱ्याचदा चांदीचा थर असतो, कारण चांदीतून वीज सहज जाते. पण देवघरातलं चांदीचं निरांजन काही महिने तसंच ठेवलं तर काळं पडतं. हवेत गंधकाचे अंश असतात, ते चांदीशी मिळतात आणि काळा थर धरतो. बटणातल्या ठिपक्यांचंही तेच होतं. दमट हवेत हे लवकर होतं. त्यात धूळ बसते, आणि कुणी चहा सांडला असेल तर साखरेचा चिकट लेप ओल धरून ठेवतो.

मग घरातल्या दिव्यांची बटणं वर्षानुवर्षं कशी चालतात? त्याचं एक कारण ती रोज वापरली जातात हे आहे. ठिपके एकमेकांवर घासतात आणि थर निघतो. शिवाय जास्त करंट आणि जास्त व्होल्टेज असेल तर टेकताना होणाऱ्या बारीक ठिणगीनंही तो थर फुटतो. हूडच्या बटणाला यातलं काहीच मिळत नाही. करंट थोडा, व्होल्टेज थोडं आणि वापर कधीतरी. आंबिवलीसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर गाडी आवरणाखाली झाकलेली आणि हूड मिटलेलं. चार महिने बटणाला कुणी हात लावत नाही. न वापरलेल्या भांड्यावर जसा डाग चढतो तसा त्याच्यावर थर चढतो.

बटण बिघडण्याचे आणखी दोन प्रकार आहेत. पहिला, आतलं प्लॅस्टिक झिजतं किंवा तुटतं. बटण ढिलं लागतं, त्याचा 'टक' जाणवत नाही. दुसरा, बटणाच्या मागच्या पिनेचा सोल्डरचा डाग फुटतो किंवा कपलर सैल होतो. तेव्हा बटण एका विशिष्ट कोनात रेटून धरलं तरच हूड हलतं. हे दोन्ही हाताला कळतात. काळा थर मात्र हाताला कळत नाही. तिथं मीटर लागतो.

५. आधी कान, डोळे आणि बॅटरी

मोहने इथल्या एनआरसी कारखान्यात वीज विभागात आयुष्य काढलेले एक काका आमच्याकडे येत. यंत्र बंद पडलं की पेचकस काढायच्या आधी ते दोन मिनिटं नुसते ऐकत उभे राहत. घाईनं उघडलेलं यंत्र आपण होऊन काही सांगत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो. हूडसाठी तीच रीत वापरू.

पहिली गोष्ट बॅटरी. क्वचित वापरल्या जाणाऱ्या गाडीची बॅटरी नेहमीच संशयित. गाडी काही तास उभी असताना मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ असेल तर निम्मी. १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा आणि मगच पुढचं बोला. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवा.

दुसरी गोष्ट फ्यूज. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत यादी असते. हूडचा फ्यूज काढून उजेडात धरा. तार तुटलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तोही उडाला तर थांबा. मोठा फ्यूज घालू नका. फ्यूज उडतोय म्हणजे कुठंतरी शॉर्ट आहे किंवा मोटर अडकली आहे. मोठा फ्यूज घातला तर पुढच्या वेळी वायर जळेल.

तिसरी गोष्ट, फुकटचे साक्षीदार. हँडब्रेक ओढल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो का? बऱ्याच गाड्यांत तोच स्विच हूडलाही खबर देतो. बॉक्स्टरमध्ये काचेवरचा खटका सोडला की दोन्ही दारांच्या काचा आपोआप थोड्या खाली येतात. त्या खाली आल्या तर खटक्याचा स्विच जागा आहे असं समजायला हरकत नाही. बटणातला लहान दिवा लागतो का, हेही पाहा. दिवा लागला म्हणजे कपलरपर्यंत वीज पोचते आहे. ठिपके चांगले आहेत असं मात्र त्यावरून म्हणता येणार नाही, कारण दिव्याची वाट वेगळी असते.

चौथी गोष्ट, कान. गाडी शांत ठिकाणी उभी करा. एकानं बटण दाबावं, दुसऱ्यानं डॅशबोर्डखाली कान द्यावा. तीन शक्यता आहेत.

'खट्' ऐकू आलं आणि मोटरही घरघरली, पण हूड हललं नाही: वीज निर्दोष. दोष सांगाड्यात. बॉक्स्टरमध्ये मधली मोटर दोन लवचीक केबलींनी दोन्ही बाजूंचे दांडे हलवते. केबल निसटली किंवा दांड्याची प्लॅस्टिकची खोबण फुटली तर असं होतं. लगेच बटण सोडा. एकच बाजू ओढली गेली तर सांगाडा पिळतो.

'खट्' ऐकू आलं, पण मोटर गप्प: निरोप पोचला. बटण निर्दोष. पुढे रिलेच्या पट्ट्या, मोटर आणि तिची अर्थ वायर (गाडीच्या लोखंडी अंगाशी जोडलेली) तपासा.

काहीच ऐकू आलं नाही: निरोपच पोचला नाही. आता बटणावर संशय घ्यायला जागा आहे. पण संशयित अजून एकटं बटण नाही.

६. माळेतला उडालेला दिवा

गणपतीच्या मखराला पूर्वी लहान दिव्यांची माळ लावत. सहा व्होल्टचे साधारण चाळीस दिवे एकापुढे एक. एक दिवा उडाला की अख्खी माळ अंधारात. चाळीस दिवे एकेक करून बदलत बसणारे बदलत बसत. जाणता वायरमन मात्र माळेच्या मध्यावर टेस्टर लावायचा. तिथपर्यंत वीज आली असेल तर पहिले वीस दिवे चांगले. मग उरलेल्या विसांच्या मध्यावर. चाळीसचे वीस, विसाचे दहा, दहाचे पाच. पाच-सहा वेळा टेस्टर लावला की उडालेला दिवा हातात.

हूडची वाट अशीच कागदावर लिहून काढा. बॅटरी, फ्यूज, चावी, बटण, हँडब्रेकचा स्विच, खटक्याचा स्विच, रिलेची गुंडाळी, आणि शेवटी अर्थ. आठ कड्या. एकेक तपासायला गेलात तर आठ वेळा मीटर लावावा लागेल. मध्यावरून सुरुवात केलीत तर तीनदा.

समजा, बटणाच्या पुढच्या पिनेवर मीटरची लाल तार लावली आणि काळी तार गाडीच्या स्वच्छ लोखंडावर. चावी फिरवली, बटण दाबून धरलं. १२ व्होल्ट दिसले तर बॅटरी, फ्यूज, चावी आणि बटण या चौघांवरचा संशय जवळजवळ गेला. आता उरलेल्या चौघांच्या मध्यावर जा. काहीच दिसलं नाही तर मागे या आणि बटणाच्या अलीकडची पिन तपासा. तिथं वीज आहे आणि पलीकडे नाही, तर बटण अडकलं.

दोन सूचना. काही गाड्यांत बटण वीज पुढे देत नाही, ते अर्थ जोडतं. तिथं आकडे उलटे दिसतील. म्हणून वायरिंगचा नकाशा हाताशी हवा. आणि जिथं कंट्रोल युनिट आहे तिथल्या वायरींना बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. ५ वॉटचा बल्बही ०.४ अँपिअर ओढतो. युनिटच्या काही वाटा एवढा करंट सोसत नाहीत. तिथं मीटरच वापरा.

७. मीटरला प्रश्न नीट विचारा

वर मी 'जवळजवळ' म्हटलं, त्याचं कारण आता सांगतो. अनेक जाणती माणसं नेमकी इथंच फसतात.

शेजाऱ्यांच्या गाडीचं हूड दोन वर्षांनी पुन्हा बंद पडलं. या वेळची तक्रार वेगळी होती. इंजिन चालू असताना हूड हलायचं, बंद असताना नाही. कोरड्या दुपारी चालायचं, पावसाळी सकाळी रुसायचं. बटण काढून मीटरचा बझर लावला तर तो वाजला. एकजण म्हणाले, बटण चांगलं आहे. दुसऱ्यांनी बटण परत बसवलं आणि त्याच्या पुढे, रिलेकडचा कपलर काढून व्होल्ट मोजले तर पुरते १२. त्यांनीही बटणाला निर्दोष ठरवलं.

पण बझर वाजला म्हणजे विरोध शून्य आहे असं नाही. कित्येक मीटरांचा बझर ३० ते ५० ओहम विरोधालाही वाजतो. म्हणून बझरवर न थांबता ओहमचा आकडा वाचा. चांगल्या बटणाचा विरोध एका ओहमपेक्षा कमी असतो. त्या बटणाचा आकडा ५० होता.

या ५० ओहमनं काय होतं? बटणाचे ५० आणि रिलेच्या गुंडाळीचे ८०, एकूण १३०. बॅटरी १२.२ व्होल्टवर असेल तर गुंडाळीच्या वाट्याला १२.२ गुणिले ८० भागिले १३०, म्हणजे ७.५ व्होल्ट येतात. रिलेला खेचायला ८ व्होल्ट लागत असतील तर तो हलणार नाही. इंजिन चालू केलं की व्होल्टेज १४.२ होतं आणि गुंडाळीला ८.७ मिळतात. रिले खेचतो, हूड हलतं. चक्रावून टाकणारी ती तक्रार एका भागाकारात उलगडली.

मग कपलर काढून मोजलं तेव्हा १२ व्होल्ट का दिसले? नळाचं उदाहरण घ्या. नळीत कचरा अडकला आहे, पण पुढचा नळ बंद आहे. पाणी वाहतच नसेल तर बंद नळाशी दाब पूर्ण दिसतो. नळ उघडला की धार बारीक होते. विजेचंही तसंच. करंट वाहत नसेल तर विरोध दिसत नाही. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून तो १२ दाखवतो.

म्हणून नियम असा: बटण जोडलेलं असताना, दाबून धरलेलं असताना, त्याच्या दोन पिनांवर मीटरच्या दोन तारा लावा. या चाचणीला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. चांगल्या बटणावर आकडा शून्याच्या आसपास राहतो. तिथं दोन, तीन, चार व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट बटण मधल्या मध्ये गिळतं आहे. शेजाऱ्यांच्या बटणावर ४.७ व्होल्ट दिसले. १२.२ वजा ७.५ करून पाहा. हिशेब जुळतो.

या वेळी बटण खरोखर दोषी होतं, आणि हे आम्ही अंदाजानं ठरवलेलं नव्हतं.

८. बटण उघडताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी लिहून ठेवा. बटण बहुधा प्लॅस्टिकच्या दोन चिमट्यांवर बसलेलं असतं. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, म्हणून लोखंडी पेचकसाऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरा आणि पट्टीच्या खाली कापड ठेवा. कपलर ओढताना वायर धरू नका, कपलरचं अंग धरा. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या.

मागच्या पिना हिरव्या किंवा काळ्या दिसल्या तर आधी तिथंच कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा आणि कपलर चार-पाच वेळा काढ-घाल करा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. बटण उघडता येत असेल तर पांढऱ्या कागदावर उघडा, म्हणजे उडालेली स्प्रिंग सापडते. ठिपक्यांवर क्लीनर मारून जाड कागदाच्या पट्टीनं हलके पुसा. पॉलिशपेपर घासू नका. चांदीचा थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो, तो गेला की खालचं तांबं लवकर हिरवं पडतं. जोडल्यावर पुन्हा ओहम मोजा. आकडा एकाच्या खाली आला तर ते बटण अजून सेवेत आहे.

एक गोष्ट मात्र करू नका. पहारेकऱ्याच्या दोन वायर एकमेकींना जोडून तो कायमचा गप्प करू नका. तपासणीपुरतं, गाडी उभी असताना, एखादा मिनिट तसं करणं वेगळं. हँडब्रेकची अट कायमची काढली आणि चालत्या गाडीत कुणा मुलाचं बोट बटणावर पडलं, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. हूड हलताना बिजागऱ्यांशी हात नेऊ नका. आणि हूड अर्ध्यावर अडकलं तर ताकदीनं ओढू नका. हातानं मिटवण्याची रीत पुस्तिकेत दिलेली असते, ती वाचून करा.

९. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात

मे महिन्यात एकदा हूडच्या खोबणीतल्या पाण्याच्या निचऱ्याच्या नळ्या मोकळ्या करा. गुलमोहराच्या पाकळ्या आणि सुकी पानं तिथं जाऊन बसतात. नळी तुंबली की पाणी गाडीच्या आत उतरतं. बॉक्स्टरसारख्या गाडीत एक कंट्रोल युनिट सीटखालीच असतं, आणि तिथं पाणी गेलं की खर्च बटणाच्या कित्येक पट होतो.

पावसाळ्यात उघडीप मिळाली की आठवड्यातून एकदा इंजिन चालू करा आणि कोरडं हूड एकदा उघडून मिटा. ओलं हूड मात्र दुमडून ठेवू नका, कापडाला बुरशी येते. आवरण कापडी असावं. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली गाडी घामेजते. आणि बटणाशेजारच्या खाचेत चहाचा ग्लास ठेवू नका. शेजाऱ्यांच्या दुसऱ्या बटणात साखरेचा डाग सापडला होता.

ते बटण आम्ही उघडलं, पण आतलं प्लॅस्टिक साफ करताना चिरलं. आता पुन्हा पाच आठवडे थांबायचं का? तेव्हा शेजाऱ्यांच्या पत्नीला आठवलं. दोन वर्षांपूर्वी काढलेलं पहिलं बटण त्यांनी टाकून दिलं नव्हतं. शिवणाच्या डब्यात दोऱ्यांच्या रिळांखाली ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलं होतं. मीटर लावला. ०.३ ओहम.

तेच बटण पुन्हा जागेवर बसवलं. शेजाऱ्यांनी चावी फिरवली, हँडब्रेक ओढला, खटका सोडला आणि दाबलं. डॅशबोर्डखाली 'खट्' वाजलं, मागे मोटर घरघरली आणि हूड हळूहळू मागे गेलं. ज्याला पहिल्याच दिवशी दोषी ठरवून बाहेर काढलं, ते बटण अजून त्या गाडीत काम करतं आहे.